अनुराधपुरात दोन रात्री

श्रीलंकेच्या सहलीचा जो कागद प्रवास कंपनीवाले हातात देतात, त्यात कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी एखादा समुद्रकिनारा असतो. पाच रात्री, सहा दिवस. चहाचे मळे, हत्ती, बुद्धाच्या दाताचं देऊळ आणि खरेदीला अर्धा दिवस. थोडे पैसे वाढवले की सिगिरियाचा खडक त्यात बसतो. अनुराधपूर मात्र पुष्कळदा नसतंच. ते उत्तरेला, कोलंबोपासून दोनशे किलोमीटरवर, कोरड्या रानात. आमच्या बायकांच्या गटानं यंदा श्रीलंका ठरवली तेव्हा मी म्हटलं, दुसरं काय हवं ते गाळा, अनुराधपूर ठेवा. "तिथं आपलं काय आहे गं?" असं लगेच विचारलं गेलं. प्रश्न रास्तच होता. बघायला म्हणाल तर आपली बस्ती नाही, मानस्तंभ नाही. पण तिथल्या सगळ्यांत मोठ्या विहारांपैकी एकाच्या नावात एक निर्ग्रंथ राहून गेला आहे. त्याच्यासाठी जायचं.

सिंहल देशाचा जुना इतिहास 'महावंस' नावाच्या पाली ग्रंथात आहे. तो बौद्ध भिक्षूंनी लिहिलेला, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला. त्यात पांडुकाभय राजाची हकीकत येते. याच राजानं अनुराधपूर ही राजधानी वसवली, इसवीसनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास. नगर वसवताना त्यानं काय काय बांधलं याची यादीच आहे. तळं, वेशी, स्मशान, सफाई करणाऱ्यांची वस्ती, आणि त्यातच ज्योतिय नावाच्या निगंठासाठी घर, कुंभंड निगंठासाठी एक देवस्थान. जवळच गिरी नावाचा निगंठ राहत होता असंही म्हटलं आहे. निगंठ म्हणजे आपला निर्ग्रंथ. पालीत भगवान महावीरांना निगंठ नातपुत्त म्हणतात, तोच हा शब्द. म्हणजे सम्राट अशोकाचा पुत्र महेंद्र बुद्धाचा धर्म घेऊन लंकेत पोचला, त्याच्या आधीपासून त्या नगरात आपले साधू होते, असं बौद्ध ग्रंथच सांगतो. आपल्याकडच्या एखाद्या पुराणानं सांगितलं असतं तर मी इतका विश्वास ठेवला नसता. ज्याला आपलं कौतुक करायचं काही कारण नाही, त्याची साक्ष वजनदार असते.

निर्ग्रंथांची ही जागा पुढे एकवीस राजांच्या काळात नांदती होती, असं महावंस म्हणतो. मग इ.स.पू. १०३ साल आलं. वट्टगामणी अभय नुकता गादीवर बसला होता. पाचच महिन्यांत दक्षिणेकडून सात तमिळ सरदार सैन्य घेऊन उतरले, लढाईत राजा हरला आणि रथातून पळाला. नगराच्या उत्तर वेशीशी निर्ग्रंथांचा आश्रम होता. तिथल्या गिरी नावाच्या निगंठानं त्याला पाहिलं आणि, हा काळा सिंहल राजा पळून चाललाय, असं मोठ्यानं ओरडला. राजानं ते मनात ठेवलं. गादी परत मिळाली तर याच जागी विहार बांधीन, असं त्यानं ठरवलं. चौदा वर्षांहून जास्त काळ तो रानावनात लपून होता. परत आल्यावर त्यानं पहिल्या काही कामांत हे काम केलं. आश्रम पाडला, तिथं बारा खोल्यांचा विहार उभा केला. राजाचं नाव अभय, निर्ग्रंथाचं नाव गिरी. विहाराचं नाव अभयगिरी. ज्याचं घर पाडलं त्याचंच नाव दारावर राहिलं.

आता या गोष्टीकडे जरा थांबून बघायला हवं. पहिलं म्हणजे गिरी. पांडुकाभयाच्या वेळी गिरी, आणि दोन-अडीचशे वर्षांनी पुन्हा गिरीच. एक माणूस इतका जगत नाही. तेव्हा गिरी हे त्या पीठाचंच नाव असावं, आपल्या मठांत भट्टारकांचं नाव पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं तसं, असं मला वाटतं. दुसरं म्हणजे ते ओरडणं. भाषासमिती पाळणारा साधू हरलेल्या माणसाची टर उडवेल? उडवलीही असेल, साधू काही सगळे सारखे नसतात. पण गोष्ट कोण सांगतंय तेही बघा. महावंस लिहिला अनुराधपुरातल्या महाविहाराच्या परंपरेतल्या भिक्षूनं. आणि अभयगिरी हा महाविहाराचा पुढचा मोठा प्रतिस्पर्धी. राजानं अभयगिरी ज्या महातिस्स थेराला दिला, त्याला गृहस्थांत फार मिसळतो म्हणून महाविहारानं संघाबाहेर काढलं, आणि दोघांची फाटाफूट तिथून सुरू झाली. अशा वेळी, 'त्यांच्या विहाराचा पाया तरी कशाचा? एका राजाच्या रागाचा!' हे दाखवून देणं महाविहाराच्या सोयीचं होतं. म्हणजे भांडण बौद्धांचं आपसातलं, आणि त्यात आपला गिरी साक्षीला उभा. आश्रम होता आणि तो गेला, एवढं मी खरं धरते. ओरडण्याचं ज्यानं त्यानं ठरवावं.

याच पळापळीत सोमदेवी आहे, आणि तिच्याबद्दल मला गिरीपेक्षाही जास्त वाटतं. राजाच्या रथात दोन राण्या होत्या. अनुला गरोदर होती, बरोबर दोन मुलं होती. रथ जड झाला, घोडे थकले. तेव्हा सोमदेवी खाली उतरली. राजानं तिला आपला मुकुटमणी दिला आणि रथ पुढे गेला. ती कदंबाच्या झाडोऱ्यात लपली. पुढे त्या सात सरदारांपैकी एकानं तिला धरून समुद्रापलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, नेलं. चौदा वर्षं ती तिथं होती. राज्य परत मिळाल्यावर राजानं तिला बोलावून घेतलं, राणीचा मान परत दिला आणि ती जिथं रथातून उतरली होती तिथं तिच्या नावानं विहार बांधला. त्या चौदा वर्षांबद्दल ग्रंथ एक अक्षर बोलत नाही. परत आणलेल्या बाईला पुन्हा राणी म्हणून बसवलं, तिची परीक्षा घेतल्याचं मात्र कुठं नाही. लंकेच्या सहलीत सीतेची अशोकवाटिका म्हणून नुवारा एलियाजवळचं देऊळ हमखास दाखवतात. तिथं जरूर जावं. आपल्याकडे विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात 'पउमचरिय' लिहिलं, त्यातला रावण राक्षस नसून विद्याधर आहे, जिनभक्त आहे, हेही बसमध्ये सगळ्यांना सांगावं. पण सोमदेवीचं नाव गाईड काढत नाहीत, ते आपणच काढायचं.

अभयगिरी पुढे फार मोठा झाला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान हा चिनी भिक्षू लंकेत दोन वर्षं राहिला. एकट्या अभयगिरीत पाच हजार भिक्षू आहेत असं तो लिहितो. आज कँडीत ज्याच्या दर्शनाला रांग लागते तो दात त्या काळी दर वर्षी मिरवणुकीनं अभयगिरीत आणत आणि नव्वद दिवस ठेवत. फाहियानची आणखी एक आठवण आहे. तिथल्या मूर्तीपुढे एका व्यापाऱ्यानं चिनी रेशमाचा पांढरा पंखा वाहिलेला त्याला दिसला. घर सोडून बरीच वर्षं झालेली, बरोबरचे लोक कुणी मेले, कुणी मागे राहिले. पंखा बघून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आज तिथं विटांचा प्रचंड स्तूप आहे, सत्तर मीटरहून उंच. कुट्टम पोकुण नावाची दगडी जोडतळी आहेत, त्यांच्या पायऱ्या बघून आपल्याकडच्या पुष्करणी आठवतात. आणि समाधी बुद्ध. ही मूर्ती लांबून पाहिली तर कुणाही जैन बाईचे हात आपोआप जोडले जातील. तीच ध्यानमुद्रा, तेच मिटत आलेले डोळे. जवळ गेल्यावर अंगावरचं चीवर दिसतं आणि छातीवर श्रीवत्स नसतो. हात जोडलेलेच ठेवायला काही हरकत नाही. आमच्यातली एक म्हणाली, "आपली जागा पाडून बांधलंय ते." खरंय. पण पाडणारा राजा गेला, त्याचं नगरही दहाव्या शतकाच्या शेवटी चोळांच्या स्वारीनंतर राजधानी राहिलं नाही, रानात बुडालं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विटांवर हक्क सांगत बसायला मला जमत नाही. माहीत मात्र असायला हवं.

त्याच वट्टगामणीच्या काळात आणखी एक गोष्ट झाली. युद्ध आणि दुष्काळात पाठांतर करणारे भिक्षू मरू लागले, तेव्हा उरलेल्यांनी अलुविहारच्या गुहांत बसून त्रिपिटक ताडपत्रांवर लिहून काढलं. डंबुल्लाहून कँडीला जाताना मातलेच्या अलीकडे हे ठिकाण लागतं, बस तासभर थांबवली तरी होतं. धरसेनाचार्यांना श्रुत लोप पावेल अशी चिंता वाटली आणि पुष्पदंत-भूतबलींकडून षट्खंडागम लिहून झाला, म्हणून आपण ज्येष्ठात श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा करतो. तीच चिंता, थोड्याफार शतकांच्या अंतरानं, तिथंही. त्या गुहांत आपल्या बायकांना परकं वाटणार नाही.

तर आखणी अशी. चातुर्मास संपल्यावर, जानेवारी ते मार्चमध्ये जावं. डोंगराळ भागात आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावर तेव्हा पाऊस कमी असतो. उतरल्यावर सरळ अनुराधपूर, दोन रात्री. मग सिगिरिया, डंबुल्ला, अलुविहार, कँडी, आणि डोंगर शेवटी. पोलोन्नारुवा जमलं तर. सूर्यास्त तिथं बारा महिने सहा-साडेसहाच्या आगेमागे, त्यामुळे जेवणाची वेळ हॉटेलात आधीच बजावून ठेवावी. डाळ-भात, इडिअप्पम, फणसाची भाजी मिळते, पण भाजीत आणि खोबऱ्याच्या चटणीत सुक्या मासळीचा चुरा घालायची तिथली रीत आहे. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, मासळीचं नाव घेऊन विचारावं लागतं. कांदा-लसूण वेगळं सांगायचं. दह्यावर घालतात तो काकवीसारखा पाक कितुल माडाचा असतो, मध नव्हे. मात्र विचारून घ्यावं.

आणि तारीख धरताना पौर्णिमा बघावी. दर पौर्णिमेला तिथं पोया म्हणून सुट्टी असते. दारूची दुकानं बंद, खाटीकखाने बंद. त्या दिवशी अनुराधपुरात पांढऱ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या बायका बोधिवृक्षाच्या आवारात दिवसभर बसलेल्या असतात. त्यांनी आठ शीलं घेतलेली असतात; दुपारी बारानंतर त्या जेवत नाहीत. आपण पांढरी साडी बरोबर न्यावी, चपला बाहेर काढून त्यांच्याजवळ जाऊन बसावं. दुपारी दगड फार तापतात, म्हणून सकाळीच.