मंगळूर, २२ मे २०१०: तीनदा ‘गो अराउंड’

पहाटे २.३६
एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७-८०० दुबईहून मंगळूरकडे उडालं. १६० प्रवासी, ६ कर्मचारी.

४.००
कॉकपिटमधलं उपलब्ध रेकॉर्डिंग इथून सुरू होतं आणि त्यात ऐकू येतं ते घोरणं. तब्बल शंभर मिनिटं कॅप्टन झोपेत होते. गाठीशी दहा हजारांहून जास्त तासांचं उड्डाण, मनमिळाऊ, सहवैमानिकांना शिकवायला तत्पर. पण आपलंच खरं करणारे, असं काही सहवैमानिकांनी चौकशीत सांगितलं. शेजारी बसलेले सहवैमानिक मितभाषी आणि नियमाला पक्के.

५.४० च्या सुमारास
कॅप्टन जागे झाले, पण एवढ्या झोपेनंतर डोकं लगेच ताळ्यावर येत नाही. त्यात मंगळूरचं रडार बंद, म्हणून खाली यायची परवानगीही उशिरा मिळाली.

६.०३ नंतर
धावपट्टी दोन मैलांवर, आणि विमान हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर. कॅप्टननी ते मिनिटाला सुमारे ४,००० फुटांच्या वेगाने खाली दामटलं. सहवैमानिकांनी विचारलं, ‘गो अराउंड?’ उतरणं सोडून पुन्हा वर जायचं का? डोळ्यांसमोर सगळं चुकत असताना त्यांनी ते आधी प्रश्न म्हणून मांडलं, हे मला फार लागतं. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी स्पष्टच सांगितलं. धोक्याची यंत्रंही ओरडत होती. तेवढ्यात टॉवरने विचारलं, ठरलेल्या मार्गावर आहात ना? कॅप्टननी दरडावून होकार द्यायला लावला. ज्यांना हे उतरणं थांबवायचं होतं, त्यांच्याच तोंडून ‘होय’ गेलं. टॉवरने उतरायची परवानगी दिली.

६.०५
८,०३३ फुटांच्या, डोंगरमाथ्यावरच्या त्या धावपट्टीचे सुमारे ५,२०० फूट मागे पडल्यावर चाकं टेकली. धावपट्टी उरलीच नाही, असं बजावत सहवैमानिकांनी तिसऱ्यांदाही ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. कॅप्टननी ब्रेक लावले आणि काही सेकंदांत उलट पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. उजवा पंख काँक्रीटच्या बांधकामावर आदळला, विमान दरीत कोसळून पेटलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली.

निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी न्यायालयाने कॅप्टनना जबाबदार धरलं, आणि आणखी एक नोंद केली: सहवैमानिकाने स्वतः उतरणं रद्द करावं का, याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या. बहुधा म्हणूनच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, पण विमानाचा ताबा त्यांनी घेतला नाही.