हुआउतलाचा पाहुणा

मृगाचे पहिले पाऊस पडून गेले, की कोकणात आणि गोव्यात वारुळांच्या आसपास पांढऱ्या छत्र्या वर येऊ लागतात. जाणते माणूस टोपली घेऊन पहाटेच घराबाहेर पडते, अजाण माणूस पोरांना दरडावते, "हात लावू नका रे, कुत्र्याची छत्री आहे ती!" अळंबी म्हटले की तोंडाला पाणी सुटते, आणि कुत्र्याची छत्री म्हटले की हात मागे येतो. आपल्या भाषेत ही दोन नावे शेजारी शेजारी सुखाने नांदतात. पण जगात अशी राष्ट्रेच्या राष्ट्रे आहेत की ज्यांना यांपैकी एकच नाव ठाऊक असते. रशियन माणूस टोपली घेऊन रानात धावणारा, तर इंग्रज माणूस काठीने छत्री उडवून पुढे जाणारा.

अशा दोन परंपरांतली दोन माणसे १९२६ साली लंडनमध्ये विवाहबद्ध झाली. वर गॉर्डन वॅसन, जातीचा अँग्लो-सॅक्सन. वधू व्हॅलेंतिना पाव्हलोव्ह्ना, जन्माने रशियन आणि शिक्षणाने बालरोगांची डॉक्टर. पुढच्या वर्षी हे जोडपे कॅट्‌स्किलच्या डोंगरात हिंडायला गेले असता बाईंना रानात अळंब्या दिसल्या. त्या आनंदाने गुडघ्यांवर बसल्या, ओटी भरून अळंब्या घेऊन आल्या आणि रात्री एकट्यानेच जेवल्या. नवरोजी काही केल्या तोंड लावीनात. उद्या सकाळी आपण विधुर होऊन उठणार, अशी त्यांची खात्रीच झाली होती! सकाळी बाई ठणठणीत होत्या. या प्रेमळ भांडणातून दोघांना एक छंद जडला: कोणत्या लोकांना अळंबीचे प्रेम आणि कोणाला तिचे भय, आणि ते का? वॅसनसाहेब पुढे न्यूयॉर्कच्या मॉर्गन पेढीचे उपाध्यक्ष झाले, तरी छंद सुटला नाही. १९६८ साली याच गृहस्थांनी वेदांतला सोम म्हणजे एक तांबडी अळंबी होय, असे प्रतिपादन केले. ऋग्वेदात सोमाच्या मुळाचा, पानाचा, फुलाचा उल्लेख नाही, हा त्यांचा मुख्य आधार. बहुतेक वेदाभ्यासकांना तो पटला नाही. पण आपल्याकडे त्यांचे नाव पोचले ते त्या वादामुळे.

आपली आजची कथा मात्र त्याआधीची आणि मेक्सिकोची आहे.

स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १५२९ साली, बेर्नार्दिनो दे साहागून नावाचा एक फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक तेथे उतरला. तेथील लोकांची भाषा शिकून त्याने त्यांच्या चालीरीतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात एका अळंबीची हकिकत आहे. मेजवानीच्या प्रसंगी पाहुण्यांना ती मधाबरोबर देत. मग कोणी नाचे, कोणी रडे, कोणी मुकाट बसून राही. कोणाला आपण युद्धात पडताना दिसे, कोणाला श्वापद आपल्याला खाताना दिसे, कोणाला आपण धनवान झालेले दिसे. अंमल उतरला की सारे एकत्र बसून, कोणी काय पाहिले ते एकमेकांना सांगत. या अळंबीचे नाव तेओनानाकात्ल. 'देवाचे मांस' असा त्याचा अर्थ एका धर्मोपदेशकाने लावला आणि तो ऐकून ख्रिस्ती धर्मगुरूंचे पित्त खवळले, यात नवल नाही. कारण त्यांच्याही विधीत देवाचे मांस होतेच. १६२० साली मेक्सिकोच्या धर्मन्यायालयाने पेयोते नावाच्या निवडुंगावर बंदीचा हुकूम काढला आणि अशा सगळ्याच उपासनांवर करडी नजर ठेवली. अळंबीचा विधी गावातून रानात आणि दिवसातून रात्रीत गेला.

तो इतका खोल गेला, की १९१५ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातल्या साफर्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जाहीर केले, अशी अळंबी नव्हतीच! जुन्या धर्मोपदेशकांनी वाळलेल्या पेयोतेलाच अळंबी समजून घोटाळा केला, असे त्याचे मत. मेक्सिकोत राहणारे रेको नावाचे एक डॉक्टर मात्र परोपरीने सांगत होते, की अळंबी आहे आणि लोक ती आजही खातात. अखेर १९३८ साली रिचर्ड शुल्टेस हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ रेकोंबरोबर ओआहाका प्रांतातल्या हुआउतला या डोंगरी गावी पोचला आणि नमुने घेऊन आला. त्याचा निबंध मोजक्या पंडितांनीच वाचला. त्याची बातमी वॅसन दांपत्याला १९५२ साली कळवली ती रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने.

हुआउतला हे मासातेक लोकांचे गाव. पावसाळ्यात ढगांत बुडालेले, चिखलाच्या वाटांचे. तेथल्या लोकांना या अळंब्यांच्या तऱ्हा आपल्या शेतातल्या भाताच्या जातींइतक्या परिचयाच्या. कोसळलेल्या दरडीच्या मातीत उगवणारी ती 'दरड', कुरणातल्या गवतात दिसणारी चिमुकली ती 'पाखरे', शेणात वाढणारी ती शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याच्या नावाची. सारी मिळून त्यांना म्हणत 'पवित्र बालके'. ती बाजारात विकायला येत नसत. काही ठिकाणी अमावास्येच्या सुमारास, सूर्योदयापूर्वी कुमारिकेच्या हातून ती खुडवीत. खाण्याचीही रीत ठरलेली: रात्रीच्या अंधारात, देव्हाऱ्यासमोर, जोडीजोडीने. आणि खाण्याला कारण असावे लागे. घरात कोणी आजारी पडले, औषध लागू पडेना, तरच जाणत्या व्यक्तीला बोलवायचे. ती स्वतः बालके खाऊन रात्रभर गात, मंत्र म्हणत जागायची आणि दुखण्याचे मूळ शोधायची.

मारीया साबिना ही अशीच एक जाणती बाई. तिचा जन्म १८९४ चा. बाप लहानपणीच गेलेला, घरात अठराविश्वे दारिद्र्य. एका जाणत्याने आजारी मामाला बरे करताना तिने लहानपणी पाहिले होते. पुढे बहिणीबरोबर रानात गुरे राखायला गेली असता तीच अळंबी तिने ओळखली आणि दोघींनी ती खाल्ली. भुकेल्या पोटी खाल्ली, हेही तिने पुढे मोकळेपणाने सांगितले. लिहिणे-वाचणे तिला कधीच आले नाही. पण मंत्र म्हणू लागली, की आपल्यापुढे एक ग्रंथ उघडला आहे आणि आपण तो वाचीत आहोत, असे तिला वाटे.

२९ जून १९५५ रोजी वॅसनसाहेब ॲलन रिचर्डसन या छायाचित्रकाराला घेऊन हुआउतलाच्या कचेरीत गेले. तेथे कायेतानो गार्सिया नावाचे तरुण अधिकारी होते. साहेबांनी खाली वाकून, हलक्या आवाजात मासातेक शब्द वापरून अळंबीविषयी विचारले. परक्याच्या तोंडी तो शब्द ऐकून गार्सिया विरघळले आणि त्यांनी साबिनाबाईंकडे शब्द टाकला. गावच्या अधिकाऱ्याचा शब्द. गरीब विधवा तो कसा मोडणार? त्याच रात्री गार्सियांच्या घरात दोघा पाहुण्यांना सहा-सहा जोड्या मिळाल्या; बाईंनी स्वतः त्याच्या सुमारे दुप्पट घेतल्या. पाहुण्यांना डोळे मिटले तरी रंगीबेरंगी आकृती, राजवाडे, डोंगर दिसत राहिले. अळंबीच्या शोधात गेलेला पेढीवाला पहाटे भारावून बाहेर आला.

१३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकात ही हकिकत छायाचित्रांसह छापून आली. बाईंचे नाव बदलले होते, गावाचे नाव झाकले होते. पण लाखो घरांत जाणाऱ्या साप्ताहिकात चेहरा छापून नाव लपवण्याने काय होणार? शिवाय पाहुण्यांच्या मागून आणखी एक पाहुणा आलाच होता. १९५६ च्या सफरीत जेम्स मूर नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ पैशांची सोय घेऊन सामील झाला. तो पैसा अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा होता आणि माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याच्या प्रयोगांसाठी त्यांना ही अळंबी हवी होती. वॅसनना त्याचा पत्ता नव्हता.

त्या सफरींतले नमुने फ्रान्सचे कवकशास्त्रज्ञ रोझे एम यांच्या हातून स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरी अल्बर्ट होफमान यांच्याकडे गेले. प्राण्यांवरील चाचण्यांतून काही कळेना, तेव्हा होफमान यांनी ३२ वाळक्या अळंब्या स्वतःच खाऊन पाहिल्या. १९५८ साली त्यांनी तिच्यातले द्रव्य वेगळे काढले आणि त्याला नाव दिले सायलोसिबिन. हे द्रव्य शरीरात गेल्यावर सायलोसिन बनते. मेंदूतल्या सेरोटोनिन या द्रव्याशी त्याचे रूप इतके जुळते, की त्याच्या कुलपात ही किल्ली फिरते. १९६२ साली होफमान स्वतः हुआउतलाला गेले आणि त्यांनी साबिनाबाईंना आपल्या गोळ्या दिल्या. बाईंनी त्या घेऊन रात्र जागवली आणि सांगितले, बालकांचा जीव यातही आहे. आता अळंबी नसेल त्या दिवसांतही आपण काम करू शकू, म्हणून त्या खूषही झाल्या.

त्यानंतर आला तो लोंढा. १९६० साली टिमथी लिअरी या हार्वर्डच्या प्राध्यापकाने मेक्सिकोत अळंबी खाल्ली आणि परत जाऊन तिचे गोडवे गाऊ लागला. मागून केस वाढवलेले तरुण हुआउतलाची वाट चढू लागले. कोणीही आजारी नव्हते. साऱ्यांना 'देव' पाहायचा होता. ते दिवसाउजेडी अळंब्या खात, बाजारातून हिंडत, रानातली मिळेल ती छत्री खुडत. १९६९ मध्ये सरकारने लष्कर आणून वाट अडवली. साबिनाबाईंच्या घराची झडती झाली, अटकेचा प्रसंगही ओढवला. त्यांचे घर जळाले. कोणी आणि का जाळले, ते त्यांना नक्की कळले नाही. परक्यांना गुपित दिले म्हणून, असे गावात बोलले गेले. वॅसननी पुढे आपल्या हातून काय घडले याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. घर मात्र बाईंचे जळाले होते.

कायद्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २१ फेब्रुवारी १९७१ रोजी व्हिएन्ना येथे राष्ट्रसंघाचा करार झाला. त्यात सायलोसिबिनला सर्वांत कडक यादीत जागा मिळाली. पण करारातच एक फट ठेवली होती: ज्या देशात अशा वनस्पती रानात उगवतात आणि लहान लोकसमूह त्या धर्मविधीत परंपरेने वापरतात, त्या देशाने तेवढ्यापुरती सूट मागावी. मेक्सिकोने ती मागितली. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत हे द्रव्य आहे. बाळगणे, विकणे गुन्हा आहे. उलट अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२० साली मतदानाने देखरेखीखाली ती देण्याची मुभा दिली. ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून, इतर औषधांना न जुमानणाऱ्या विषण्णतेच्या विकारासाठी, ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ते द्रव्य देण्याची परवानगी दिली. तिथे आता रुग्णाची आधी चौकशी होते, निश्चित कारण विचारले जाते, जाणता माणूस शेजारी बसून राहतो. कागदपत्रे आणि फी सोडली, तर ही हुआउतलाचीच रीत नव्हे काय?

ही रीत केवळ भाबडी श्रद्धा होती असे कोणी समजू नये. ३ ऑक्टोबर १७९९ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये एका गरीब गृहस्थाने भल्या पहाटे छोट्या अळंब्या खुडल्या आणि घरी त्यांचे कालवण केले. थोड्याच वेळात त्याला भोवळ आली, मुलांच्या बाहुल्या विस्फारल्या, आणि आठ वर्षांचा एक मुलगा आईबापांनी कितीही दटावले तरी खदखदा हसतच राहिला. डॉक्टर धावले, कुटुंब बचावले. हे दैव प्रत्येकाचे नसते. डिसेंबर १९८१ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर तिघा मुलांनी गमतीची अळंबी समजून गॅलेरिना नावाची तपकिरी अळंबी खाल्ली; त्यांतले एक दगावले. या दोघी रानात शेजारी शेजारी उगवतात. गॅलेरिनाचे विष पहिले काही तास गप्प बसते. उलट्या सुरू होऊन थांबतात, माणसाला वाटते सुटलो, आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. खऱ्या अळंबीनेही, ज्याच्या घराण्यात वेडाचा वारसा आहे अशाचे मन कायमचे बिघडू शकते; भेदरलेला माणूस गच्चीवरून, रस्त्यावरून कोठे धावेल याचा नेम नसतो. ओळखणारा हात, खाण्याचे कारण आणि रात्रभर जागणारी सोबत, या तीन गोष्टींनी मासातेक लोकांनी हे सारे कित्येक पिढ्या सांभाळले होते. साप्ताहिकाच्या छायाचित्रातून अळंबी जगभर गेली. या तीन गोष्टी गावातच राहिल्या.

साबिनाबाईंनी म्हातारपणी आल्व्हारो एस्त्रादा या आपल्याच जमातीच्या लेखकाला आपली जीवनकथा सांगितली. ती १९७७ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी वॅसनना शिव्याशाप दिले नाहीत. एवढेच सांगितले, की त्याच्याआधी कोणी केवळ देव शोधायला बालके घेत नसत, रोगी बरा व्हावा म्हणून घेत; आणि परके आल्यापासून बालकांची शक्ती गेली, ती आता परत यायची नाही. २२ नोव्हेंबर १९८५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्या वारल्या; गरिबीतच.

अतिथीला देव मानावे, अशी आपली शिकवण आहे. सणासुदीला आपण ती हौसेने सांगतो. ती यजमानाला उद्देशून आहे. साबिनाबाईंनी आपल्या परीने ती पाळली: दारी आलेल्याला जे सर्वांत मोलाचे होते ते वाढले. पाहुण्याने मात्र पान वाढून झाल्यावर, या घरात हे अन्न कधी आणि कशासाठी शिजते, एवढे विचारून थांबायला हवे होते. हुआउतलाच्या दरडींवर पावसाळ्यात ती अळंबी अजूनही उगवते. रानात उगवलेले कोणालाही खुडता येते. ते जपणाऱ्या घराला मात्र आधी विचारावे लागते.