आधी तार की आधी लोकल?

२०१२ साली लिनक्स ३.४मध्ये सोय आली: हवं ते दुसरं डिव्हाइस तयार नसेल, तर ड्रायव्हरनं "नंतर येतो" म्हणायचं. पण दोघं एकमेकांसाठीच थांबले तर? अडकले! एकाला वाट न बघता सुरू व्हावंच लागतं.

मला यात आपली ठाणे-कल्याण लाइन दिसते. मुंबईत १९२५पासून लोकल १,५०० व्होल्ट डीसीवर. तारेत २५,००० व्होल्ट एसी सोडला (गारवा नव्हे, वीज!), तर जुन्या लोकल ठप्प, नुसत्या एसीवरच्या आणल्या, तर तारेत डीसी. आणि डोंबिवलीची गर्दी थांबते होय? म्हणून आधी दोन्हींवर धावणाऱ्या लोकल आल्या, मग तार तुकड्यातुकड्यानं बदलली. मेन लाइन २०१५मध्ये सीएसटीपर्यंत एसी झाली. हार्बरला २०१६ उजाडलं.