बीअर शिजवणाऱ्याची मजुरी

नाताळच्या सुट्टीत परदेशातून आलेली मुले धर्मगुरूला भेटायला येतात ती बहुधा आशीर्वादासाठी, नाहीतर एखाद्या दाखल्यासाठी. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मात्र आमच्यापुढे वेगळाच प्रश्न ठेवला. तो तेथे हौसेने घरी बीअर तयार करतो. एका मित्राच्या लग्नासाठी त्याने पन्नासेक लिटर बीअर करून द्यावी व तिची मजुरी घ्यावी, अशी बोलणी चालली होती. "फादर, हे पाप आहे का?" असे त्याने विचारले आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच पुढे जोडले, "आणि गुन्हा?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेथल्या तेथे दिले. दुसऱ्यासाठी पुस्तके उघडावी लागली, आणि ती लवकर मिटेनात.

आधी शब्दांविषयी थोडेसे. आपल्याकडे दारू 'गाळतात'. बीअर गाळली जात नाही. मोड आणून वाळवलेले सातू गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड रस काढायचा, तो उकळायचा आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवायचा. म्हणजे हे काम भट्टीपेक्षा चुलीला जवळचे. आणि जे चुलीजवळचे ते बायकांचे, असा संकेत मध्ययुगीन इंग्लंडातही होता.

त्या काळी 'एल' नावाचे पेय घरोघर होई. त्यात हॉप्सची फुले नसत, त्यामुळे ते चार-सहा दिवसांत आंबट होई. एका खेपेला जेवढे तयार होई तेवढे एका कुटुंबाला संपवता येत नसे. उरलेले शेजाऱ्यांना विकणे हा व्यापार नव्हता. नासाडी टाळण्याचा तो घरगुती उपाय होता. त्यातूनच विधवांची, गरीब घरांतील स्त्रियांची चार पैशांची मिळकत उभी राहिली. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, सुमारे १२६६-६७ साली, भाकरी व एल यांच्या किमती धान्याच्या भावाशी बांधणारा कायदा झाला. विक्रीसाठी एल करणारी स्त्री दाराबाहेर काठीला झुडूप बांधून ठेवी, मग गावचा चवपारखी येऊन चव घेई. (या हुद्द्यासाठी उमेदवारांची वाण पडली नसावी.) नियम मोडणाऱ्यांस दंड होई, पण स्थानिक न्यायालयांच्या नोंदी पाहिल्या तर त्याच त्या स्त्रिया वर्षानुवर्षे, सभेमागून सभेला तोच किरकोळ दंड भरताना दिसतात. दंड हाच परवाना झाला होता. कायदा आणि गरिबाचे पोट यांच्यातील ही तडजोड आम्हांला फार बोलकी वाटते.

त्या समाजात पैसे घेऊन बीअर देण्याचे आणखी दोन मार्ग सर्वमान्य होते. पहिला चर्चचा. चर्चमंदिराच्या दुरुस्तीसाठी विश्वस्त मंडळी एल तयार करीत, सण साजरा होई आणि विक्रीचे पैसे चर्चच्या पेटीत पडत. दुसरा लग्नाचा. वधूकडील लोक एल करून पाहुण्यांना विकत आणि ती रक्कम नव्या जोडप्याला मिळे. 'ब्रायडल' हा इंग्रजी शब्द मुळात 'वधूची एल' असाच आहे. आमच्या तरुण मित्राचा बेत, म्हणजे, निदान पाचशे वर्षे जुना होता.

हॉप्स आले आणि चित्र पालटले. पंधराव्या शतकात नेदरलँड्सकडून आलेली हॉप्सयुक्त बीअर कित्येक आठवडे टिके. जे टिकते ते साठवता येते, दूर धाडता येते. त्यासाठी मोठी भांडी, भांडवल आणि उधारी लागते. विधवेपाशी यांपैकी काहीच नव्हते. १५५२ साली बीअर विकणाऱ्या घरांना न्यायाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा झाला आणि पुढच्या शतकापर्यंत हा धंदा बव्हंशी पुरुषांच्या हाती गेला. तरीही काही ठिकाणी निराधार विधवेला मुद्दाम परवाना देत, ती गावावर ओझे होऊ नये म्हणून.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. विकण्यासाठी बीअर करणे एक, स्वतःसाठी करणे दुसरे. पण दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्याचेच सातू, त्याचीच भांडी वापरून, त्याच्यासाठी बीअर करणे आणि फक्त मजुरी घेणे, हे कोणत्या खात्यात घालायचे? अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या खेड्यांत असे फिरते बीअरकरी होते. हंगामापूर्वी ते शेतघरांना भेट देत, एक-दोन दिवस राबून पिंपे भरून देत आणि मजुरी घेऊन पुढच्या घरी जात. शेतमजुरांना कापणीच्या दिवसांत बीअर देण्याची रीत होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. सरकारला त्याचे काही वाटत नसे, आणि याचे कारण औदार्य नव्हे. १६९७ पासून मोड आणलेल्या सातूंवरच कर होता. सातू घरात आले तेव्हाच खजिन्याचा वाटा खजिन्यात पोहोचलेला असे. मग ते कोणी ढवळले आणि किती पैसे घेऊन ढवळले, याची चौकशी कोण करणार? अर्थात हा कर गरिबाला जाचक होता. त्यानेच घरची बीअर बंद पाडली, असा आरोप विल्यम कॉबेट यांनी १८२१-२२ मधील आपल्या 'कॉटेज इकॉनॉमी' या पुस्तकात तळमळीने केला आहे.

१८८० साली ग्लॅडस्टन यांनी हा कर काढला व तो तयार होणाऱ्या बीअरवर बसवला. कारखानदारांना ही मोकळीक वाटली. परंतु घरच्या बीअरवर आता प्रथमच परवाना आला. कर पदार्थावर बसताच कोण, कुणासाठी व कशाच्या बदल्यात, हे तिन्ही प्रश्न सरकारचे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे परवानाधारक अगदी थोडे उरले होते. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी परवाना रद्द केला. अट एकच, विकायची नाही.

येथे एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडातील शेतकरी जेव्हा विनापरवाना आपल्या घरी बीअर करीत होता, तेव्हाच, १८७८ साली, मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आला आणि १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. एकाच साम्राज्यात चुली दोन प्रकारच्या होत्या. आजही महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी मद्य करता येत नाही. मजुरीची गोष्ट दूरच.

अमेरिकेचा इतिहास अधिक तिरपागडा. १९२० साली देशभर दारूबंदी आली, तरी फळांच्या रसाला व सायडरला घरापुरती फट ठेवलेली होती, बीअरला नव्हती. १९३३ मध्ये बंदी उठली, घरच्या वाइनला मुभा मिळाली आणि बीअर पुन्हा वगळली गेली. ती चूक सुधारायला पंचेचाळीस वर्षे लागली. सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांची दुरुस्ती एका भलत्याच कर-विधेयकाला जोडून संमत झाली आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. घरात दोन वा अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलन. वैयक्तिक वा कौटुंबिक वापरासाठी, विक्रीसाठी नव्हे. राज्यांचे कायदे निराळे. मिसिसिपी व अलाबामा या राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली तेव्हा ती सर्वत्र पोहोचली.

मजुरीबाबत तर तेथील नियम फारच बारीक आहे. ग्राहकाने यावे, भांडी भाड्याने घ्यावीत, सातू विकत घ्यावेत आणि तेथेच आपली बीअर करावी, अशी दुकाने तेथे आहेत. दुकानदाराने सल्ला द्यावा, जागा द्यावी. मात्र ग्राहकाची बीअर करण्यात वा बाटल्या भरण्यात त्याने हात लावायचा नाही. हात लागला की ती बीअर ग्राहकाची उरत नाही, दुकानदाराची होते आणि कर लागू होतो. इंग्लंडच्या फिरत्या बीअरकऱ्याला पैसे मिळत ते नेमक्या त्या हातांचे.

हे सर्व आम्ही त्या तरुणाला पत्राने कळवले. मित्राकडून पैसे घेतलेस तर ती बीअर तुझ्या घरच्या वापराची ठरणार नाही, तुला कारखानदाराप्रमाणे नोंदणी व कर यांना सामोरे जावे लागेल, असे लिहिले. तुझ्या राज्याचा कायदाही पाहा, असेही लिहिले. त्याचे उत्तर उन्हाळ्यात आले. बीअर त्याने आहेर म्हणून दिली होती. पुढे मित्रानेही त्याला काही आहेर केला. तो काय, हे त्याने लिहिले नाही आणि आम्ही विचारले नाही.