तेलातला ठिपका पाण्यात कसा आला?

‘क्वांटम डॉट’ हे नाव २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारामुळे तुमच्या कानावर आले असेल. बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह या तिघांना तो मिळाला. पण हे ठिपके वैद्यकात आले ते आणखी काही जणांच्या कामामुळे, आणि तुमच्या-माझ्या दृष्टीने गोष्टीचा तोच भाग महत्त्वाचा आहे.

क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचा स्फटिक. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पदार्थ तोच ठेवून नुसता आकार बदलला की रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा लहान कण अतिनील दिव्याखाली हिरवा दिसतो, मोठा लाल. पेशी रंगवायचे नेहमीचे चमकणारे रंग सूक्ष्मदर्शकाखाली लवकर फिके पडतात. हे कण बराच वेळ टिकतात.

मग अडले कुठे? १९९३ साली एमआयटीत बावेंडी यांच्या गटाने एकसारखे कण बनवण्याची रीत दाखवली. सुमारे ३०० अंशांना तापवलेल्या द्रवात रसायने एकदम टोचायची. त्यामुळे प्रत्येक कणाभोवती तेलकट वेष्टन बसते. रक्त, पेशी हा सगळा पाण्याचा कारभार. असे कण त्यात मिसळणार कसे?

सप्टेंबर १९९८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन उत्तरे आली. कॅलिफोर्नियातील ॲलिव्हिसाटोस यांच्या गटाने कणावर सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा, थर चढवला आणि उंदराच्या पेशी एकाच वेळी लाल व हिरव्या रंगात दाखवल्या. इंडियाना विद्यापीठात वॉरेन चॅन आणि शुमिंग नी यांनी तेलकट वेष्टन काढून गंधकयुक्त आम्लाचे छोटे रेणू चिकटवले. हा मार्ग सोपा होता, पण गंधकाची पकड हळूहळू सुटते. मग कणांच्या गुठळ्या होतात आणि चमक जाते.

२००२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील गटाने तेलकट वेष्टन काढलेच नाही. त्यावर फॉस्फोलिपिडचे आवरण घातले. साबण तेलाचा थेंब गुंडाळतो तसेच हे: तेल आवडणारे टोक आत, पाणी आवडणारे बाहेर. हे कण बेडकाच्या गर्भात सोडले, तरी गर्भ वाढत राहिला.

पण कॅडमियम विषारी आहे, हे विसरून चालणार नाही. २००४ मध्ये संगीता भाटिया यांच्या गटाने (वॉरेन चॅनही त्यात होते) यकृताच्या पेशींवर दाखवले, की हवा किंवा अतिनील प्रकाश लागून कणाचा पृष्ठभाग बिघडला तर कॅडमियम बाहेर पडून पेशी मरतात. झिंक सल्फाइडचा थर दिला की हे कमी होते. म्हणजे चमक टिकवणारे आवरणच विषही आत अडवते. यात एक पेच आहे. आवरण जाड केले तर कण मोठा होतो, आणि २००७ च्या प्राण्यांवरील प्रयोगांत सुमारे साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कणच मूत्रपिंडातून सहज बाहेर पडले.

म्हणून आज हे ठिपके प्रामुख्याने प्रयोगशाळेत, शरीराबाहेर काढलेल्या नमुन्यांवर वापरले जातात. तुमच्या रक्ताच्या किंवा गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत त्यांचा उल्लेख दिसला तर घाबरू नका. ते तुमच्या शरीरात जात नाहीत. मात्र कुणी कॅडमियमचे ‘नॅनो’ इंजेक्शन सुचवले, तर ते घेऊ नका. माणसांसाठी असे मान्यताप्राप्त इंजेक्शन नाही.