डॉ. राहुल पुरवार

लिम्फोमा हा लसिकासंस्थेचा कर्करोग. शरीराचे रक्षण करणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या जनुकांत बिघाड झाला, की त्या अनिर्बंध वाढू लागतात. केमोथेरपीने अनेक रुग्ण बरे होतात. मात्र ज्यांचा आजार उलटतो, त्यांच्यापुढे फारसे मार्ग उरत नाहीत. अशा रुग्णांसाठी भारतात मान्यता मिळालेल्या पहिल्या 'कार-टी' उपचारामागे मुंबईच्या आयआयटीतील शास्त्रज्ञ डॉ. राहुल पुरवार यांचे संशोधन आहे.

जर्मनीतील हॅनोव्हर येथे पीएच.डी. केल्यानंतर पुरवार यांनी अमेरिकेत हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात टी-पेशींवर संशोधन केले. विशिष्ट टी-पेशी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाशी कशा लढतात, यावरील त्यांचा शोधनिबंध २०१२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये ते मायदेशी परतले आणि आयआयटीच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात रुजू झाले.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढल्या जातात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साह्याने त्यांत एक नवे जनुक घातले जाते. त्यामुळे या पेशींवर तयार होणारा ग्राहक बी-पेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या या पेशी पुन्हा शरीरात सोडल्या, की त्या कर्करोगग्रस्त बी-पेशींचा नाश करतात. परदेशातील सुरुवातीच्या उपचारांत या ग्राहकाचा मुख्य भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थिनी अलका द्विवेदी यांनी तो मानवी प्रथिनाशी मिळताजुळता केला.

टाटा स्मारक केंद्राचे डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन यांच्या साथीने ४ जून २०२१ रोजी खारघर येथे पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. पुरवार यांनी २०१८ मध्ये स्थापन केलेल्या 'इम्युनोअ‍ॅक्ट' कंपनीच्या 'नेक्सकार-१९'ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'ने प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. रक्तपेशी घटण्यासारखे दुष्परिणाम मात्र टळलेले नाहीत.

अमेरिकेत २०१७ मध्ये लिम्फोमासाठी मान्य झालेल्या अशाच उपचाराची किंमत ३ लाख ७३ हजार डॉलर होती. भारतीय उपचार त्याच्या सुमारे एक-दशांश खर्चात उपलब्ध झाला, हे पुरवार यांच्या कार्याचे मोठे यश. तरीही छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातून येणाऱ्या शेतकरी वा मजूर कुटुंबाला तीस-चाळीस लाखांचा आकडा पेलणारा नाही. पेशी बदलण्याचे तंत्र देशाने आत्मसात केले. तो खर्च विमा आणि शासकीय योजनांच्या आवाक्यात आणण्याचे काम अद्याप बाकी आहे.