त्रिकोणांचे जाळे आणि रिकामे चौकोन

बल्लारपुराहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, चांदा, भांदक आणि वरोरा मागे टाकल्यावर लागणाऱ्या हिंगणघाटी, हैदराबादेहून नागपूरकडे आपले दप्तर हलवीत असता, कर्नल विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी निवर्तले. त्यांची कबरही तेथेच आहे. 1802 साली मद्रासेजवळ एक पायारेषा साखळीने मोजून, पुढे सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकडीमागून टेकडीवर चढवीत, केवळ कोन घेऊन बाजू गणिताने काढण्याच्या रीतीने, या गृहस्थाने दक्षिणेचा विस्तीर्ण मुलूख त्रिकोणांच्या सलग जाळ्याखाली आणला होता. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांना कृष्णा-गोदावरींमधील अरण्यात तापाने असे गाठले होते, की हवापालटासाठी केप ऑफ गुड होप गाठावे लागले. पुढे त्यांनी जाळे विणण्याची रीत सोडली. उभ्या-आडव्या लांब साखळ्याच तेवढ्या ओढाव्या आणि मधले चौकोन रिकामे ठेवून मागाहून साध्या मोजणीने भरावे, असा बंदोबस्त केला. सरकारी खजिन्याच्या दृष्टीने एव्हरेस्टच शहाणे, हे मान्यच करावे लागेल.

परंतु संस्थितिविज्ञान, ज्याला आपले विद्यार्थी टोपॉलॉजी म्हणतात, त्याच्या दृष्टीने या दोन रीतींत मूलभूत भेद आहे: पहिलीत भोक नाही, दुसरीत चौकोनागणिक एक आहे. संगणकीय टोपॉलॉजी हेच विदेच्या बिंदूंवर करते. ठरावीक अंतराच्या आतले बिंदू रेषेने जोडावे, परस्परांशी जोडलेल्या तिघांचा त्रिकोण भरावा, आणि ते अंतर हळूहळू वाढवीत कोणते भोक केव्हा उपजते व केव्हा बुजते याची नोंद ठेवावी. जे दीर्घकाळ टिकते ते बहुधा विदेचे खरे रूप, आणि जे लागलीच बुजते तो बहुधा मोजमापातला गोंधळ. ही टिकाऊपणाची कल्पना एडेल्सब्रुनर, लेचर व झोमोरोडियन यांनी 2000 साली संगणकाच्या आटोक्यात आणली. मॅपर नावाच्या भगिनीपद्धतीने 2011 साली स्तनकर्करोगाच्या जुन्याच नोंदींतून उत्तम जीवितमान असलेल्या रुग्णांचा एक निराळा गट वेगळा काढून दाखविला.

हा विषय शिकू इच्छिणाऱ्या बल्लारपूरच्या विद्यार्थ्याने प्रारंभी संगणक उघडूच नये. लॅम्बटनचे जाळे व एव्हरेस्टच्या साखळ्या कागदावर काढाव्या, आणि शिरोबिंदूंतून बाजू वजा करून त्रिकोण मिळवावे: सलग जाळ्यात उत्तर 1 येईल, आणि प्रत्येक रिकाम्या चौकोनागणिक ते एकाने घटेल.